सावली कोणाची? नेणीव, मिथक आणि धम्मांतर

धम्मचक्र प्रवर्तन दिन आला की आपल्या वस्त्यावस्त्यांतून बावीस प्रतिज्ञांचे सामुदायिक पठण होते. शुभ्र वस्त्रे नेसलेल्या माता-भगिनी आणि हात जोडून उभी राहिलेली मुले असतात. देवादिकांना, अवतारांना, पिंडदानाला नकार देणारे शब्द शेकडो कंठांतून एकाच वेळी उमटतात. त्याच वस्तीत, कधी कधी त्याच घरात, ताप उतरत नाही म्हणून लेकराच्या दंडाला काळा दोरा बांधलेला आढळतो. मुलीच्या लग्नाआधी जुन्या कुळदैवताला गुपचूप नारळ वाढवला जातो. अमावास्येला उतारा टाकला जातो आणि सकाळी त्याविषयी कोणीच बोलत नाही.

या विसंगतीचे स्पष्टीकरण आपण सहसा दोन शब्दांत उरकतो. एक शब्द 'अडाणीपणा', दुसरा 'ढोंग'. आम्हाला दोन्ही अपुरे वाटतात. दोरा बांधणाऱ्यांत पदवीधर आहेत, नोकरदार आहेत, आमचे काही व्यवसायबंधूही आहेत. तेव्हा अडाणीपणाने उत्तर पुरत नाही. आणि प्रतिज्ञा म्हणताना ज्या माउलीचा कंठ दाटून येतो, तिला ढोंगी म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. ती प्रतिज्ञा खरी आहे आणि ती भीतीही खरी आहे. एकाच माणसात ही दोन्ही कशी नांदतात, हा प्रश्न केवळ इतिहासाच्या ग्रंथांनी सुटत नाही. त्यासाठी मनाच्या शास्त्राकडे जावे लागते. या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्हाला एकच मुद्दा मांडायचा आहे. आपले धम्मांतर जाणिवेत झाले आहे. नेणिवेत ते अजून चालू आहे, आणि ते तेथवर नेण्याचे काम प्रामुख्याने शाळेचे आहे.

'नेणीव' हा आपल्या मराठीचा सुंदर शब्द आहे. जे आपल्याला कळते ती जाणीव. जे आपल्यात असते, आपल्याला हलवते, पण कळत नाही, ती नेणीव. विहिरीच्या काठावरून पाणी दिसते, पण झरे दिसत नाहीत; तसेच हे. व्हिएन्नाचे डॉक्टर सिग्मंड फ्रॉइड यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी या नेणिवेचे शास्त्र उभारण्याचा प्रयत्न केला. आपल्याला असह्य वाटणाऱ्या इच्छा आणि भीती आपण मनाच्या तळाशी दडपतो; दडपलेले नष्ट होत नाही; ते स्वप्नांतून, बोलण्यातल्या चुकांतून, कधी अंगाच्या आजारातून वर येते, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या अनेक निष्कर्षांवर पुढे टीका झाली, काही सोडूनही द्यावे लागले. पण मनाला तळघर आहे ही त्यांची मूळ सूचना टिकून राहिली.

धर्माविषयी फ्रॉइड यांचे मत कठोर होते. लहान मूल असहाय असते. त्याला वडिलांचा आधार हवा असतो आणि वडिलांची भीतीही वाटते. मोठेपणी रोग, दुष्काळ, मृत्यू यांच्यापुढे माणूस पुन्हा तितकाच असहाय होतो आणि आकाशात एक मोठा पिता कल्पून त्याच्यापुढे हात जोडतो. धर्म म्हणजे मानवजातीच्या बालपणातली ही इच्छा. ती आता सोडून मोठे व्हावे, असा निष्कर्ष त्यांनी 'एका भ्रमाचे भवितव्य' अशा अर्थाच्या नावाच्या ग्रंथात काढला. त्या ग्रंथाच्या प्रकाशनाचे वर्ष १९२७. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे साल वाचून थांबावेच लागते. त्याच वर्षी २० मार्चला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन केले. व्हिएन्नात एक वृद्ध डॉक्टर धर्माचे मूळ मनात शोधत होता; महाडमध्ये एक तरुण बॅरिस्टर तेच मूळ एका ग्रंथात आणि एका तळ्यावरच्या बंदीत बोट ठेवून दाखवत होता. दोघांची ओळख नव्हती. पण दोघांची उत्तरे शेजारी ठेवल्याशिवाय आपला प्रश्न पुरता उलगडत नाही.

फ्रॉइड यांचे एकेकाळचे सहकारी कार्ल युंग वेगळ्या वाटेने गेले. त्यांच्या मते नेणीव केवळ एकेका माणसाची नसते. तिच्याखाली साऱ्या मानवजातीचा एक सामायिक थर असतो. त्याला त्यांनी सामूहिक नेणीव म्हटले. माता, वीर, वृद्ध ज्ञानी, पुनर्जन्म, पाताळाचा प्रवास अशा प्रतिमा जगभरच्या पुराणकथांत पुन्हा पुन्हा का येतात? कारण त्या मनाचे मूळ साचे आहेत, असे युंग म्हणाले. मराठी समीक्षेत त्यांना 'आदिबंध' म्हणतात. फ्रॉइड यांना जेथे आजार दिसला तेथे युंग यांना औषध दिसले. प्रतीके आणि कथा हरवल्या तर माणूस आतून कोरडा पडतो, असे त्यांना वाटे.

भारताशी या दोन्ही विचारांचा संबंध लवकर आला. १९२२ साली कलकत्त्यात गिरींद्रशेखर बोस यांनी भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. त्यांचा फ्रॉइड यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार होता, आणि युरोपातील रुग्णांवरून काढलेले सर्व निष्कर्ष आपल्या रुग्णांना जसेच्या तसे लागू होत नाहीत, हे त्यांनी फ्रॉइड यांना निर्भीडपणे कळवले होते. युंग स्वतः १९३७ च्या अखेरीस भारतात आले. सांचीच्या स्तूपापाशी ते अंतर्यामी हलले, असे त्यांनी पुढे आपल्या आठवणींत नमूद केले. भारत त्यांना स्वप्नासारखा वाटला. येथे मात्र आम्हाला एक नोंद करणे भाग आहे. त्याच १९३७ सालच्या मार्चमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने चवदार तळ्याच्या खटल्याचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने दिला होता, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात बाबासाहेबांनी महार वतन रद्द करण्याचे विधेयक मुंबई कायदेमंडळात मांडले होते. पाहुण्याला स्वप्न दिसत होते. त्या स्वप्नात ज्यांना झोप लागत नव्हती ते न्यायालयाच्या आणि कायदेमंडळाच्या दाराशी उभे होते. मिथकांच्या सौंदर्यावर लुब्ध होणाऱ्या प्रत्येक अभ्यासकाला हा प्रश्न विचारला पाहिजे की, या कथेत पाणी कोणाला मिळते आणि कोणाला नाही.

तरीही युंग यांच्या एका संकल्पनेने आपल्या इतिहासावर अनपेक्षित प्रकाश पडतो. ती संकल्पना म्हणजे 'सावली'. माणसाला स्वतःमधले जे मान्य करवत नाही, आपला लोभ, क्रौर्य, वासना, मलिनता, मरणाचे भय, ते तो स्वतःपासून दूर लोटतो. दूर लोटलेले मग त्याला दुसऱ्याच्या अंगावर दिसू लागते. स्वतःचा अंधार दुसऱ्यावर टाकून त्या दुसऱ्याचा द्वेष करणे, हा मनाचा अगदी जुना डाव आहे. हा शब्द आपल्या समाजातील वाचकाच्या कानी पडला की त्याला पेशवाई आठवते. पेशव्यांच्या राज्यात सवर्ण रस्त्याने येत असेल तर अस्पृश्याने त्या रस्त्यावर येऊ नये, कारण त्याच्या सावलीचा विटाळ होतो, हा दंडक बाबासाहेबांनी १९३६ साली जातिनिर्मूलनाविषयीच्या आपल्या न झालेल्या भाषणात नोंदवून ठेवला आहे. युरोपातील मानसशास्त्रज्ञाने ज्या गोष्टीला रूपक म्हणून नाव दिले, ती आपल्या पूर्वजांच्या बाबतीत उन्हात जमिनीवर पडणारी खरी सावली होती.

नीट पाहिले तर प्रत्येक गावात जनावर मरते, माणूस मरतो, घाण साचते, साथ येते. हे सर्वांचेच असते. पण गावाने हे आपले मानले नाही. मेलेले ढोर ओढणे, मरणाची वार्ता गावोगाव पोचवणे, गाव झाडणे ही कामे ज्यांच्यावर टाकली, त्यांनाच मरणाचा आणि घाणीचा वास लागला असे ठरवले. ज्या सावलीचा विटाळ मानला गेला ती पाडणारा देह आपल्या पणजोबांचा होता. तिच्यातला अंधार विटाळ मानणाऱ्यांच्या मनातला होता. आमच्या मते खोल मनाच्या मानसशास्त्राने आपल्या हाती दिलेले हे सर्वांत मोलाचे वाक्य आहे. प्रत्येक बौद्ध घरातील मुलाला ते कळले पाहिजे, कारण पिढ्यान् पिढ्या आपल्याला शिकवलेली लाज त्या एका वाक्याने परत पाठवता येते.

मरीआईचे उदाहरण घेऊ. पटकीची साथ आली की मरीआईचा गाडा निघे. साऱ्या गावाचे भय त्या गाड्यात भरून तो शिवेपलीकडे नेऊन सोडायचा, म्हणजे रोग पुढच्या गावाच्या हद्दीत गेला. हे भय ओढून नेण्याचे, रेड्याचे मढे निस्तरण्याचे, पोतराज होऊन केस वाढवून स्वतःच्या अंगावर आसूड ओढून घेण्याचे काम गावकुसाबाहेरच्यांच्या वाट्याला आले. देवीचे ठाणेही बहुधा गावाच्या कडेलाच. युंगपंथी अभ्यासक येथे म्हणेल की, ही भीषण मातेची आदिम प्रतिमा आहे. असेलही. पण इतिहास पुढचा प्रश्न विचारतो. ही आदिम प्रतिमा आज कोठे गेली? नळाचे शुद्ध पाणी आले, लस आली, सलाइन आले, तसे मरीआईचे गाडे थांबत गेले. ज्या रोगाचे मराठी नावच 'देवी' होते, तो १९७५ मध्ये देशातून गेला आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याचे जगातून निर्मूलन झाल्याचे जाहीर केले. रोग गेला तसा देवीचा कोपही ओसरला. जो आदिबंध लसीच्या सुईने मागे हटतो, तो चिरंतन कसा म्हणावा? आमचे मत असे की नेणिवेलाही इतिहास असतो. तेथे जे साचले आहे ते कोणीतरी, केव्हातरी, कोणत्या तरी परिस्थितीत साचवले आहे. म्हणून ते उपसताही येते.

ही सावधगिरी आणखी एका कारणासाठी हवी. सामूहिक नेणीव रक्तातून येते असे मानले की तिची जात होण्यास वेळ लागत नाही. खुद्द युंग यांनी १९३४ साली, जर्मनीत नाझी सत्तेवर असताना, आर्यांची नेणीव आणि ज्यूंची नेणीव यांत भेद असल्याचे लिहिले. त्याबद्दल त्यांच्यावर तेव्हापासून टीका होत आली आहे. बाबासाहेबांनी १९४६ साली 'शूद्र पूर्वी कोण होते?' या ग्रंथात आर्य वंशाचा सिद्धांत पुराव्यानिशी मोडून काढला, तो याच विषाच्या विरोधात. मन वंशावर ठरते असे म्हणणारा कोणताही सिद्धांत, तो कितीही विद्वत्तेचा असो, आपण दारातूनच परत पाठवला पाहिजे.

आणि प्रतीकांची ताकद किती, हे मराठवाड्याला वेगळे सांगावे लागत नाही. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि गावोगाव आपली घरे पेटली. विद्यापीठाची एक वीटही हलणार नव्हती, कोणाची जमीन जाणार नव्हती, कोणाची नोकरी जाणार नव्हती. बदलणार होते ते फक्त नाव. तरीही सोळा वर्षे झुंजावे लागले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. त्या द्वेषामागे राजकारण आणि स्वार्थ होतेच. पण केवळ हिशेबी स्वार्थाने माणसे शेजाऱ्याच्या झोपडीला काडी लावत नाहीत. ज्याच्यावर आपली सावली टाकून निश्चिंत झालो होतो, त्याचेच नाव विद्येच्या कमानीवर झळकणार, या कल्पनेने तळघर हादरले होते.

आता आपल्याच परिसरातील एक कथा पाहू. परळी आणि अंबाजोगाई ही दोन्ही तीर्थे घाटनांदूरकरांच्या रोजच्या वाटेवरची. अंबाजोगाईच्या योगेश्वरीचे परळीच्या वैजनाथाशी लग्न ठरले, वऱ्हाड निघाले, मुहूर्त टळला, सारे वऱ्हाड पाषाण झाले आणि देवी कुमारिकाच राहिली, ही दंतकथा येथे घरोघर ठाऊक आहे. हत्तीखाना लेण्यांतील दगडी हत्ती दाखवून ती मुलांना सांगितली जाते. मनोविश्लेषक या कथेत विवाहाचे भय वाचेल. युंगचा अनुयायी कुमारी देवतेचा आदिबंध वाचेल. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९६२ च्या 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' या ग्रंथात महाराष्ट्राच्या वाटा पायी तुडवून दाखवले की, देवदेवतांची लग्ने म्हणजे पुष्कळदा दोन मानवसमूहांच्या मिलनाची आठवण असते. त्या पद्धतीने विचारायचे तर, जे लग्न लागले नाही ती कोणत्या न जुळलेल्या समूहांची आठवण? पण आमच्या वर्गात ही कथा निघाली तेव्हा सातवीच्या एका मुलीने या सर्व पंडितांना मागे टाकले. तिने विचारले, ‘‘सर, मुहूर्त चुकला तर नवरीनेच का एकटे राहायचे?’’ ज्या जिल्ह्यात ऊसतोडीला निघण्याआधी कोवळ्या पोरींची लग्ने उरकण्याची घाई होते, त्या जिल्ह्यात हा प्रश्न पुराणातला राहत नाही. मिथक असे वाचावे. त्याची टिंगल करून ते मरत नाही आणि त्याला नमस्कार घालून ते कळत नाही. त्याला प्रश्न विचारला की ते आपल्याविषयी बोलू लागते.

आतापर्यंत आपण दुसऱ्याच्या मनाविषयी बोललो. आता स्वतःच्या मनाकडे वळू. बेबीताई कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' या आत्मकथनात आषाढातील महारवाड्याचे, अंगात येणाऱ्या बायांचे, पोतराजांचे जे चित्र आहे ते वाचताना आजही अंगावर काटा येतो. वर्षभर उपाशी राहणारी, सासुरवासात पिचलेली बाई त्या चार दिवसांत देवी होते आणि सारी वस्ती तिच्यापुढे वाकते. एरवी जिला बोलण्याची सोय नाही, तिला देवीच्या तोंडाने बोलता येते. अंगात येणे म्हणजे केवळ फसवणूक असे म्हणून आपण मोकळे होतो. प्रत्यक्षात ती पुष्कळदा मुक्या दुःखाची एकमेव परवानगी असलेली भाषा असते.

याचा अनुभव निवासी शाळेत काम करणाऱ्यांना येतोच. दिवाळीनंतर आईबाप कोयता घेऊन कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि लेकरे वसतिगृहात राहतात. रात्री कोणी दचकून उठते, कोणी अंथरूण ओले करते, कोणाला आंब्याच्या झाडाखाली बाई दिसते. एका वर्षी आठवीतील एका मुलीच्या अंगात येऊ लागले. ती घुमू लागली की सोबतच्या मुली थरथर कापत. गावातील काही हितचिंतकांनी देवऋषाचे नाव सुचवले. काही तरुण कार्यकर्त्यांनी तिला दरडावून गप्प करा, असे सांगितले. वसतिगृहाच्या ताईंनी दोन्ही केले नाही. त्या तिच्याजवळ बसल्या आणि काय हवे ते विचारले. त्या 'देवी'ने कोंबडे मागितले नाही, साडी-चोळी मागितली नाही. तिने सांगितले, ‘‘आईला फडावरून परत आणा.’’ पुढे तिला अंबाजोगाईच्या ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभागात दाखवले, आईशी दर आठवड्याला फोनवर बोलणे ठरवून दिले, आणि घुमणे हळूहळू थांबले. देवऋषाकडे नेले असते तर तिला देवीची बाधा ठरली असती. दरडावले असते तर ती गप्प झाली असती. तिचे दुःख मात्र आणखी खोल गेले असते.

आपल्या धम्मपरंपरेत मनाच्या या थराची जाण आहे. धम्मपदाचा आरंभच मनापासून होतो. पालि वाङ्मयात 'अनुसय' हा शब्द येतो. वर न दिसणाऱ्या, आत निजलेल्या आणि निमित्त मिळताच जागे होणाऱ्या प्रवृत्ती असा त्याचा अर्थ. मज्झिम निकायातील महामालुंक्य सुत्तात तथागत सांगतात की, उताण्या निजलेल्या तान्ह्या बालकाच्या ठायीही या प्रवृत्ती सुप्त असतात. फ्रॉइड यांनी सांगितलेले सारे आमच्याकडे आधीच होते, अशी फुशारकी आम्हाला मारायची नाही. तसली फुशारकी दुसरे लोक पुराणांच्या नावाने मारतात, ती त्यांनाच लखलाभ असो. सांगायचे एवढेच की, अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यात माराच्या आक्रमणाचे भव्य शिल्प पाहताना मुलांना हे समजावून देता येते. ध्यानस्थ बोधिसत्त्वाभोवती माराची सेना गर्दी करते, माराच्या कन्या नाचतात, आणि मध्ये तो स्थिर बसलेला असतो. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात माराचे बाहेरचे राक्षसपण काढून टाकले. गौतमाच्या मनावर चालून आलेले दुष्ट विचार आणि विकार, ज्यांना पुराणांच्या भाषेत माराची मुले म्हणतात, असा त्याचा अर्थ त्यांनी स्पष्ट लिहिला. त्यांनी कथा राखली आणि तिच्यातले भूत उतरवले. ही आपली वाचनपद्धती आहे.

येथेच बाबासाहेब फ्रॉइड आणि युंग या दोघांपासून वेगळे होतात. फ्रॉइड म्हणाले, धर्म सोडा. युंग म्हणाले, प्रतीके जपा. बाबासाहेब म्हणाले, धर्म निवडा. १३ ऑक्टोबर १९३५ ची येवल्याची घोषणा आणि १४ ऑक्टोबर १९५६ ची नागपूरची दीक्षा यांच्यामध्ये एकवीस वर्षांचा अभ्यास आहे. माणसाला धर्माची गरज आहे हे त्यांनी मान्य केले, पण तो धर्म विज्ञानाला, समतेला आणि स्वातंत्र्याला उतरला पाहिजे, ही अट घातली. नेणिवेतून आपसूक आलेला धर्म त्यांनी जाणिवेच्या उजेडात तपासला. जात ही मनाची अवस्था आहे हे त्यांनी आधीच सांगितले होते. तेव्हा इलाजही मनापर्यंत पोचणारा हवा होता. बावीस प्रतिज्ञांची रचना पाहावी. आरंभी ज्यांचे भय पिढ्यान् पिढ्या वाटले त्यांची नावे घेऊन नकार आहे. भय ज्याचे वाटते त्याचे नाव मोठ्याने उच्चारणे ही भय घालवण्याची पहिली पायरी, हे कोणताही मानसोपचारतज्ज्ञ सांगेल. शेवटाकडील एका प्रतिज्ञेत आपला नवा जन्म होत असल्याची भावना आहे. जुने प्रतीक नुसते पाडले तर तेथे खड्डा राहतो; म्हणून शुभ्र वस्त्र आले, पंचशील आले, धम्मचक्र आले, दीक्षाभूमी आली.

तथापि एका दिवसाच्या उच्चाराने शतकांचा गाळ निघत नाही, हेही बाबासाहेबांना ठाऊक होते. दीक्षेनंतर दोन महिनेही उलटण्याआधी, ६ डिसेंबर १९५६ रोजी, त्यांचे महापरिनिर्वाण झाले. गाळ काढण्याचे उरलेले काम आपल्यावर आले. ते काम करताना एक धोका आपण ओळखला पाहिजे, आणि येथे काही वाचक आमच्यावर रागावतील याची आम्हाला कल्पना आहे. आकाशातला पिता हटवला की ती जागा रिकामी राहत नाही. फ्रॉइड यांचा हा इशारा आपल्यालाही लागू आहे. काही घरांत बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे परीक्षेत पास होण्यासाठी नवस बोलला जातो. चर्चेत कोणी प्रश्न विचारला की तो प्रश्न बापाचा अपमान ठरतो. ज्यांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत, राजकारणातील भक्ती हा अधःपाताचा आणि अंती हुकूमशाहीचा मार्ग आहे असे बजावले, त्यांनाच आपण भक्तीच्या देव्हाऱ्यात बसवावे, यापरते दुर्दैव नाही. कृतज्ञता हवी, डोळे पाणावले तरी हरकत नाही. पण प्रतिमेपुढे मागणे मागू लागलो की आपण पुन्हा असहाय मूल होतो. आणि बाबासाहेबांना आपण मोठे व्हायला हवे होतो.

मग करावे काय? कायदा आपल्या हाती आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली; त्यानंतर काही दिवसांत जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी त्याचा कायदा झाला. भोंदूला शिक्षा करण्यासाठी तो कायदा वापरलाच पाहिजे. पण भोंदूच्या दारी जाणाऱ्या आईचे भय कायद्याने जात नाही. त्यासाठी आमच्या तीन सूचना आहेत. आठवड्यातून एक तास मुलांना आपली स्वप्ने, भीती, घरची आठवण बोलून दाखवण्यासाठी असावा, आणि त्या तासाला कोणी कोणाला हसू नये. बावीस प्रतिज्ञा पाठ करून घेताना एकेका प्रतिज्ञेमागचे भय कोणते होते आणि ते कोणी घातले होते, हे समजावून सांगावे; तेव्हाच ती प्रतिज्ञा ओठांवरून आत उतरेल. आणि पालकांनी एवढे ठरवावे की, लेकरू घुमू लागले, झटके येऊ लागले, अबोल झाले किंवा जीव नकोसा म्हणू लागले तर पहिली फेरी दवाखान्याची. शासनाचा 'टेलिमानस' हा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक १४४१६ प्रत्येक वसतिगृहाच्या भिंतीवर लिहिलेला असावा.

माजी विद्यार्थ्यांना आमचे विशेष सांगणे आहे. तुम्ही शहरांत गेलात, पदांवर पोचलात. तेथे आडनाव विचारले गेले की अजूनही पोटात खड्डा पडतो, हे तुमच्यातले अनेक जण आम्हाला खाजगीत सांगतात. तो खड्डा तुमच्या उणिवेचा नव्हे. दुसऱ्याच्या मनातला अंधार तुमच्या अंगावर टाकला गेला होता. त्याची ती जुनी जागा आहे. ती ओळखा, तिचे नाव घ्या, आणि आपल्या मुलांना ती वारशाने देऊ नका. सोबत हेही तपासा की, आपण आता कोणावर आपली सावली टाकत आहोत का: आपल्याहून दुबळ्या जातीवर, घरातल्या सुनेवर, कामाला येणाऱ्या बाईवर? धम्म अंगी उतरला की नाही, याची खरी परीक्षा तेथे होते.

ऊन सर्वांवर सारखे पडते आणि सावली प्रत्येकाची पडते. ज्याने त्याने आपापली सावली ओळखून सांभाळली, तर कोणाच्याही सावलीचा कोणालाही विटाळ होणार नाही. जय भीम!